दात गेले की ताटातून काय काय जातं

घरातलं वयस्कर माणूस "मला हल्ली भूकच लागत नाही" असं म्हणायला लागलं की आपण मान डोलावतो आणि वय झालं, चालायचंच, म्हणून सोडून देतो. पण बऱ्याच वेळा भूक जागच्या जागी असते, गेलेली असते ती दाढ. माझ्या आजीचं हेच झालं होतं. ती जेवायला सगळ्यांच्या आधी बसायला लागली, मग कधी सगळ्यांच्या नंतर, विचारलं की "मी मगाशीच खाल्लं" म्हणायची, आणि आम्हाला वाटायचं की तिला एकटीला निवांत बरं वाटत असेल. खरं कारण फार उशिरा कळलं, तिला चावायला आमच्या दुप्पट वेळ लागत होता, घास तोंडात नुसता फिरत राहायचा, कधी बाहेर काढून ठेवावा लागायचा, आणि हे कुणी बघितलेलं तिला आवडत नव्हतं. तोपर्यंत तिचं मनगटावरचं घड्याळ कोपराकडे घसरायला लागलं होतं. त्यानंतर मी या विषयावर बरंच वाचलं, डॉक्टरांना खोदून खोदून विचारलं, आणि जे समजलं ते सोप्या भाषेत लिहितेय, कारण दातांसाठी आपण एका डॉक्टरकडे जातो, अशक्तपणासाठी दुसऱ्याकडे, आणि खाण्याबद्दल तर कुणालाच विचारत नाही, आणि ही सगळी एकाच माळेतली गोष्ट आहे.

आधी तोंडात काय चालतं ते बघू. मोठ्या माणसाला अक्कलदाढा धरून 32 दात असतात, त्या सोडल्या तर 28. पुढचे पटाशीचे दात तुकडा तोडतात, सुळे फाडतात आणि मागच्या दाढा दळतात. दळण्याचं काम जात्यासारखं आहे, खालची तळी आहे पण वरची नाही, तर पीठ पडणार नाही. म्हणून नुसते दात मोजून पूर्ण अंदाज येत नाही, वर-खाली एकमेकांवर टेकणाऱ्या जोड्या किती उरल्यात ते बघावं लागतं. समजा एखाद्याच्या वरच्या जबड्यातल्या उजव्या बाजूच्या मागच्या 4 दाढा गेल्या आणि खालच्या जबड्यातल्या डाव्या बाजूच्या 4 गेल्या, तर 28 पैकी 20 उरले, आकडा काही वाईट नाही, पण मागे दळायला एकही जोडी शिल्लक नाही. अशा माणसाला घरचे म्हणतात "एवढे दात आहेत की तुमचे", आणि त्याला समजावून सांगताही येत नाही की मग चावलं का जात नाही.

तरीही 20 हा आकडा महत्त्वाचा आहेच, कारण साधारण तेवढे स्वतःचे दात असले की बहुतेक सगळं खाता येतं असं मानतात. जपानमध्ये 1989 साली यावरूनच 8020 नावाची मोहीम सुरू झाली, म्हणजे वयाच्या 80 व्या वर्षी स्वतःचे 20 दात शाबूत. सुरुवातीला दहातल्या एकालाही हे जमत नव्हतं, आणि 2016 च्या तिथल्या सर्व्हेमध्ये हे प्रमाण निम्म्याच्या वर गेलं होतं. मला हे खूप मोठं वाटतं, कारण दात पडणं हे केस पिकण्यासारखं आपोआप होतं अशी आपली पक्की समजूत असते. दात वयामुळे पडत नाहीत, कीड आणि हिरड्यांचा आजार, ज्याला आपण पायरिया म्हणतो, या दोन गोष्टींमुळे पडतात, आणि दोन्ही थांबवता येतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात 60 च्या पुढच्या सुमारे 23 टक्के लोकांच्या तोंडात एकही दात नाही, म्हणजे जवळजवळ चारातला एक.

आता ताटाकडे येऊ, माझ्या मते खरी गोष्ट इथे आहे. चावता येत नसलेला माणूस उपाशी राहत नाही, तो खाणं बदलतो, आणि गुपचूप बदलतो. आधी सुकामेवा जातो, मग कच्च्या भाज्या, मग सालीसकट खायची कडक फळं, मग मांस, मग जाड देठाच्या पालेभाज्या आणि अख्खी कडधान्यं. प्रत्येक वेळी कारण वेगळं सांगितलं जातं, ते पचत नाही, मला ते पूर्वीपासूनच आवडत नाही, त्याने गॅस होतो. त्यांच्या जागी येतं ते मऊ, पांढरं आणि गोड, म्हणजे ब्रेड, बिस्किटं, केक, साखर घातलेलं काहीतरी पातळ. गेलेल्या यादीत काय होतं बघा, प्रोटीन, फायबर, व्हिटॅमिन, खनिजं. आलेल्या यादीत आहे मुख्यतः स्टार्च आणि साखर. पोट भरतं, कॅलरीज पण मिळतात, त्यामुळे घरात कुणाला शंका येत नाही.

काही जणांचं वजन तर उलट वाढतं, आणि मग सगळेच निर्धास्त होतात, पण स्नायू कमी होऊन त्यांच्या जागी चरबी आली तरी काटा तोच आकडा दाखवतो.

आणि यात एक वाईट गाठ अशी बसते की या मऊ गोड खाण्यानेच उरलेले दात पण धोक्यात येतात. वयाबरोबर हिरड्या मागे सरकतात, दाताचं मूळ उघडं पडतं, आणि मुळावर इनॅमल, म्हणजे दातावरचं ते कडक आवरण, नसतं, त्यामुळे तिथे कीड फार लवकर लागते. त्यात लाळ कमी असेल तर विचारूच नका, कारण लाळ ही दातांची रोजची धुलाई असते. वरून कितीतरी नेहमीच्या औषधांनी तोंड कोरडं पडतं, बीपीची काही औषधं, डिप्रेशनची, ॲलर्जीची, वारंवार लघवी लागण्यावरची. एकाच माणसाला अशी तीन-चार औषधं चालू असतील तर तोंडाला कोरड पडणारच, मग कोरडा घास गिळत नाही म्हणून तो आणखी पातळ आणि गोडाकडे वळतो, मग आणखी दात किडतात. औषध मनाने बंद करायचं नाही हे सांगायला नको, पण डॉक्टरांना "यातल्या कशाने तोंड कोरडं पडतंय का, बदलता येईल का" एवढं विचारायला काहीच हरकत नाही, आणि कितीतरी जण ते विचारतच नाहीत.

आता स्नायूंचं. उतारवयात स्नायू थोडे थोडे घटतातच, या घटीला सार्कोपेनिया म्हणतात. पण म्हाताऱ्या स्नायूंची अजून एक अडचण अशी असते की त्यांना प्रोटीनचा इशारा ऐकू कमी येतो. तरुण माणसाने थोडं प्रोटीन खाल्लं तरी स्नायू दुरुस्तीचं काम सुरू करतात, वयस्कर स्नायूला तेच काम सुरू करायला एका वेळी जास्त प्रोटीन लागतं. म्हणजे वय वाढलं की प्रोटीनची गरज वाढते, आणि नेमक्या त्याच वेळी दात ते खाऊ देत नाहीत! मोठ्या माणसांसाठी रोज वजनाच्या दर किलोला 0.8 ग्रॅम प्रोटीन असा जुना हिशोब आहे, पण 2013 मध्ये तज्ज्ञांच्या प्रॉट-एज नावाच्या गटाने 65 च्या पुढच्यांसाठी तो 1 ते 1.2 ग्रॅम असावा असं सुचवलं. म्हणजे 60 किलोच्या माणसाला दिवसाला 60 ते 72 ग्रॅम. एका अंड्यात साधारण 6 ग्रॅम असतं, एक कप दुधात 6-7, शिजवलेल्या डाळी-कडधान्यांत 100 ग्रॅमला 8-9 च्या आसपास, आणि शिजवलेल्या चिकन-माशात 100 ग्रॅमला 20 च्या वर. आता चहा-बिस्किटावर सकाळ काढणाऱ्या आणि रात्री सूपवर भागवणाऱ्या माणसाचा हिशोब करून बघा, निम्म्यावर पण पोचत नाही. किडनीचा मोठा आजार असेल तर मात्र हे आकडे लागू होत नाहीत, तिथे डॉक्टर सांगतील तेवढंच.

हे असं वर्ष-दोन वर्षं चाललं की माणूस ज्या अवस्थेकडे सरकतो तिला फ्रेल्टी म्हणतात. याला मराठीत नेमका शब्द सापडत नाही, जर्जरपणा म्हटलं तर फार टोकाचं वाटतं आणि अशक्तपणा म्हटलं तर फार साधं. मी असं समजते की शरीराकडे एक राखीव साठा असतो, आजारपण, पडणं, ऑपरेशन असं काही आलं की त्यातून खर्च होतो. फ्रेल्टी म्हणजे तो साठा तळाला गेलेला असणं. मग साधा ताप आला तरी माणूस पंधरा दिवस उठत नाही आणि उठल्यावर आधीसारखा होत नाही. 2001 साली अमेरिकेतल्या डॉक्टर लिंडा फ्रीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे ओळखायच्या पाच खुणा सांगितल्या, त्या आजही वापरतात: प्रयत्न न करता वजन घटणं, सतत थकल्यासारखं वाटणं, हाताची पकड कमजोर होणं, चाल मंदावणं आणि एकूण हालचाल कमी होणं. पाचातल्या तीन किंवा जास्त असतील तर फ्रेल्टी, एक-दोन असतील तर त्याच्या अलीकडचा टप्पा. वजनाचं माप असं की वर्षभरात आपोआप 5 टक्के किंवा जास्त घट, म्हणजे 60 किलोच्या माणसाचे 3 किलो. तीन किलो कपड्यांत लपतात, म्हणून महिन्यातून एकदा काट्यावर उभं करा आणि आकडा कॅलेंडरवर लिहून ठेवा. आणि चांगली गोष्ट ही की हा वन-वे रस्ता नाही, विशेषतः सुरुवातीच्या टप्प्यातून खाणं आणि व्यायाम सुधारून माणसं खरंच मागे येतात.

दातांचा आणि याचा संबंध जपानच्या काशिवा शहरात नीट तपासलाय. तिथे 65 च्या पुढच्या सुमारे 2000 लोकांची तोंडं तपासली, दात किती, चावायची ताकद किती, जीभ किती जोर लावते, कडक खायला त्रास होतो का, गिळताना ठसका लागतो का, असं सगळं. मग त्यांच्यावर काही वर्षं लक्ष ठेवलं. 2018 मध्ये निष्कर्ष छापून आले, ज्यांच्या तोंडाच्या बऱ्याच गोष्टी कमजोर होत्या त्यांना पुढे फ्रेल्टी येण्याचा धोका इतरांच्या दुपटीहून जास्त निघाला, आणि मृत्यूचा धोकासुद्धा साधारण दुप्पट. याला तिथले डॉक्टर ओरल फ्रेल्टी म्हणतात, तोंडाचा जर्जरपणा म्हणा हवं तर.

पण इथे जरा सावकाश घ्यायला हवं. दात गेले म्हणून माणूस खचला, असा सरळ बाण नाहीये. धूम्रपान दातांनाही खातं आणि स्नायूंनाही, डायबिटीसचं तसंच, आणि पैशाची ओढाताण असेल तर दातांचे उपचारही होत नाहीत आणि चांगलं खाणंही होत नाही. शिवाय बाण उलटाही जातो, हाताची पकड गेली, बोटं वाकली, विसर पडायला लागला की ब्रश नीट होत नाही आणि दात जातात. त्यामुळे "दात बसवा आणि तरुण व्हा" असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. ही फिरत जाणारी साखळी आहे, आणि मला यात दिलासा असा वाटतो की ती कुठल्याही कडीला तोडली तरी फायदा होतो.

तोंड म्हणजे फक्त दात नव्हेत हे मला स्वतःला सगळ्यात उशिरा कळलं. जीभ हा स्नायू आहे, ओठ आणि गाल पण स्नायू, आणि तेही इतर स्नायूंसारखे सुकतात. घास दाढेखाली ढकलणं, लाळेत कालवणं, गोळा करून मागे नेणं हे सगळं जीभ करते, ती कमजोर असेल तर 28 दात असूनही घास फिरतच राहतो. यासाठी एक साधी तपासणी असते, एका दमात पटापट "पा पा पा", मग "ता ता ता", मग "का का का" म्हणायला लावतात. पा ला ओठ लागतात, ता ला जिभेचं टोक, का ला जिभेचा मागचा भाग, आणि सेकंदाला 6 पेक्षा कमी वेळा जमत असेल तर जीभ-ओठ मंदावलेत असं धरतात. गंमत म्हणजे हाच व्यायाम पण आहे! रोज जेवणाआधी मिनिटभर हे म्हणणं, जीभ टाळ्यावर जोरात दाबून धरणं, मोठ्याने वाचणं, गाणं म्हणणं, या सगळ्याने तोंडाचे स्नायू हलते राहतात.

आता कवळीबद्दल, कारण बहुतेक घरांत विषय इथे येऊन संपतो. कवळी बसवली, काम झालं. तसं होत नाही. पूर्ण कवळीने चावायचा जोर नैसर्गिक दातांच्या साधारण चौथा-पाचवा हिस्साच मिळतो. खऱ्या दाताच्या मुळाभोवती बारीक नसा असतात, त्या मेंदूला सांगतात की आत्ता किती जोर लावलाय, खडा आलाय का, कवळीला ते काहीच कळत नाही. वरच्या कवळीने टाळू झाकला जातो त्यामुळे अन्नाचा स्पर्श, गरम-थंड, सगळं बोथट होतं आणि माणूस म्हणतो चवच लागत नाही. त्यात दात काढल्यावर जबड्याचं हाड झिजत राहतं, पहिल्या वर्षात सगळ्यात जास्त, आणि खालच्या जबड्यात वरच्यापेक्षा बरंच जास्त, म्हणून काही वर्षांपूर्वी चपखल बसलेली कवळी आज हलते, घासते, फोड आणते, आणि शेवटी डब्यात जाऊन बसते. ती कवळी आतून पुन्हा भरून घट्ट करता येते किंवा नवी करता येते. खालची कवळी अजिबातच टिकत नसेल तर जबड्याच्या हाडात दोन इम्प्लांट, म्हणजे छोटे स्क्रू, बसवून त्यावर ती अडकवतात, आणि 2002 साली कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी तर खालच्या बोळक्या जबड्यासाठी पहिला पर्याय हाच असावा असं म्हटलं होतं. खर्चाचं ओझं असतं हे खरं आहे, पण निदान पर्याय आहे एवढं तरी घरच्यांना माहीत पाहिजे.

आणि आता ती गोष्ट जी मला प्रत्येक घरात जाऊन सांगावीशी वाटते. नवी कवळी किंवा इम्प्लांट बसवल्यावर चावणं सुधारतं, पण खाणं बहुतेक वेळा आपोआप सुधारत नाही. हे वेगवेगळ्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय. माणसाने पाच-सात वर्षं ज्या वस्तू टाळल्या त्या त्याच्या मनातूनच गेलेल्या असतात, घरातल्या स्वयंपाकातूनही त्याच्यापुरत्या गेलेल्या असतात. जिथे कवळीबरोबर आहाराचा सोपा सल्ला पण दिला, काय खायचं, कसं कापायचं, आठवड्यात काय वाढवायचं, तिथेच ताटात फरक पडलेला दिसला. म्हणजे कवळी आली त्या दिवशी काम अर्धं झालं, उरलेलं अर्धं स्वयंपाक करणाऱ्याच्या आणि शेजारी बसून जेवणाऱ्याच्या हातात आहे.

मग करायचं काय? मऊ करायचं, पण पातळ करायचं नाही, हा फरक डोक्यात पक्का ठेवा. भाजी गाळून वरचं पाणी दिलं तर भाजी गाळणीत राहिली. कडधान्यं रात्रभर भिजवून बोटाने सहज दाबली जातील इतकी शिजवा, मांसाचा खिमा करा, मासा काटे काढून द्या, अंडं चावायला सोपं असतंच, फळ किसून किंवा वाफवून द्या, सुकामेव्याची पूड करून दुधा-दह्यात घाला. सगळं एकत्र मिक्सरमधून काढून एका रंगाचा गोळा पुढे ठेवू नका, प्रत्येक पदार्थ वेगळा दिसला पाहिजे, कारण माणूस डोळ्यांनी पण जेवतो, आणि तो राखाडी गोळा बघून कुणाचीही भूक मरेल. प्रोटीन एका जेवणात ढकलून भागत नाही, सकाळ-दुपार-संध्याकाळ वाटून द्या, सकाळचं बहुतेक घरांत सगळ्यात लंगडं असतं. आणि नुसत्या खाण्याने स्नायू बनत नाही, त्याला कामाची हाक लागते, खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं दिवसातून दोन-तीन वेळा, झेपेल तेवढं. शेजारी कुणीतरी असावं एवढंच.

घास मऊ असूनही जेवताना वारंवार ठसका लागतोय, जेवल्यावर आवाज ओलसर येतोय, पाणी पिताना खोकला येतोय, असं असेल तर हे दातांचं नाही, गिळण्याचं आहे, तिथे घरगुती प्रयोग न करता डॉक्टरांना दाखवा, कारण अन्न श्वासनलिकेत गेलं तर न्यूमोनिया होतो. आणि त्याच वाटेने तोंडातले जंतू पण खाली जातात. म्हणून दात असोत नसोत, तोंड साफ करायचंच. जपानमध्येच 11 नर्सिंग होममध्ये दोन वर्षं तुलना करून पाहिली, जिथे जेवणानंतर दुसऱ्या कुणीतरी म्हाताऱ्यांची तोंडं नीट साफ केली तिथे 11 टक्के लोकांना न्यूमोनिया झाला, आणि जिथे नेहमीसारखं चाललं होतं तिथे 19 टक्के. यात मुख्य काम एका ब्रशचं आणि प्रत्येक जेवणानंतरच्या पाचेक मिनिटांचं. बोळक्या तोंडाच्या हिरड्या आणि जीभ पण मऊ ब्रशने पुसायची असते. कवळी रात्री काढून, घासून, पाण्यात ठेवायची, कारण घालून झोपलं की खाली बुरशी धरते, हिरड्या लाल होतात, आणि अगदी म्हाताऱ्या लोकांत रात्री कवळी घालून झोपणाऱ्यांना न्यूमोनिया जास्त झाल्याचं पण दिसलंय.

शेवटचं एक, आमच्याकडे हे झालं म्हणून सांगते. आजीला एकदा ॲडमिट केलं तेव्हा तपासणीसाठी कवळी काढून रुमालात गुंडाळून कुठेतरी ठेवली गेली, मग तिला सॉफ्ट डाएट लिहून दिलं, आणि नंतरचे नऊ दिवस ती पातळ पदार्थांवर राहिली कारण कवळी कुठे आहे हे कुणालाच माहीत नव्हतं आणि मागायची तिला लाज वाटत होती. घरी आली तेव्हा खुर्चीतून उठायला आधार लागत होता. तेव्हा घरातलं कुणी ॲडमिट होणार असेल तर झाकणाचा डबा सोबत न्या, त्यावर नाव लिहा, आणि तपासणी झाल्या झाल्या कवळी परत तोंडात कोण घालणार हे त्याच दिवशी ठरवून टाका.